टीपकागदावरचा थेंब आणि बाबांची गोळी

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून डॉक्टरांनी त्यांना डिगॉक्सिन चालू केलं आहे. सोमवार ते शुक्रवार रोज एक गोळी, शनिवार-रविवार सुट्टी. या औषधाची रक्तातली पातळी तपासायला आम्ही त्यांना देवरुखहून रत्नागिरीला नेतो. बाबांना गाडी लागते आणि तिथे पोचल्यावर त्यांची शीर सापडत नाही. माझी मावसबहीण इंग्लंडात लेस्टरला असते. ती म्हणाली की तिकडे बोटाला टोचून रक्ताचा थेंब कागदावर सुकवतात, पाकिटात घालून पोस्टाने पाठवतात आणि रक्तदाबाच्या, हृदयाच्या गोळ्या अंगात आहेत की नाहीत ते त्यावरून ओळखतात. हे खरं आहे का? वाळलेल्या रक्तात औषध टिकतं कसं? आणि आम्हाला घरून असा थेंब पाठवता येईल का?
— एक वाचक, देवरुख

उत्तर : तुमच्या मावसबहिणीने सांगितलं ते खरं आहे. लेस्टर हे या कामाचं एक माहेरच म्हणायला हवं. तिथल्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात संगीता टन्ना आणि ग्रॅहम लॉसन यांनी २०१२-१३च्या सुमारास वाळलेल्या थेंबातून ॲटेनोलॉल आणि मग बायसोप्रोलॉल, रॅमिप्रिल, सिम्व्हास्टॅटिन अशी हृदयविकारातली नेहमीची औषधं मोजून दाखवली. औषधशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला. बाबांची शीर सापडत नाही हे वाक्य मात्र मनात रुतून बसलं. त्याकडे शेवटी येते.

आधी टिकण्याचं बघू. तुम्ही कोकणातले, त्यामुळे याचं उत्तर तुमच्या अंगणातच आहे. सुका बांगडा, आमसुलं, आंब्याची साठं पावसाळाभर का टिकतात? त्यांतलं पाणी निघून गेलेलं असतं. रक्ताचंही तसंच आहे. नळीतल्या ओल्या रक्तात विकरं काम करत राहतात, औषधाचे रेणू पाण्याशी क्रिया होऊन तुटतात, जंतूही वाढू शकतात. थेंब कागदावर पसरून वाळला की या घडामोडी जवळजवळ थांबतात. अनेक औषधं अशा थेंबात साध्या खोलीत आठवडेच्या आठवडे जशीच्या तशी राहतात. त्यांना बर्फाची पेटी लागत नाही की नळी फुटायची धास्ती नसते.

सगळीच औषधं इतकी गुणी नसतात. निफेडिपिनला उजेड सोसत नाही. ॲस्पिरिन तर कागदापर्यंत पोचायच्या आधी, वाहत्या रक्तातच अर्ध्या-पाऊण तासात बहुतांश मोडतं, म्हणून त्याऐवजी त्यापासून तयार होणारं सॅलिसिलिक आम्ल शोधावं लागतं. रॅमिप्रिलचं शरीरात रॅमिप्रिलॅट होतं आणि खरं काम तेच करतं. म्हणजे प्रत्येक औषधासाठी आधी ते वाळवणात किती दिवस टिकतं हे तपासून मगच पद्धत वापरायची असते.

कागदही घरातला कुठलाही चालत नाही. शाई सांडली की आपण टीपकागद लावायचो, त्याचा हा जाड, अतिशय शुद्ध भाऊ. तो निव्वळ कापसाच्या तंतूंपासून बनवतात आणि प्रत्येक गठ्ठा सारखंच रक्त शोषतो ना हे तपासून मगच विकायला काढतात. त्यावर अर्ध्या इंचाची वर्तुळं छापलेली असतात. एका वर्तुळात साधारण ५० मायक्रोलिटर, म्हणजे एका मिलिलिटरचा विसावा भाग रक्त मावतं. बोट कोमट पाण्याने धुवून कोरडं करायचं, बाजूला टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि दुसरा मोठा होऊन लोंबू लागला की तो वर्तुळाच्या मधोमध पडू द्यायचा. बोट पिळायचं नाही, नाहीतर रक्तात आसपासच्या पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी मिसळतं. थेंबावर थेंब टाकायचा नाही. मग कार्ड आडवं ठेवून सावलीत दोन-तीन तास वाळवायचं आणि सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद पिशवीत घालायचं. आषाढातल्या कोकणात ही पुडी फार महत्त्वाची, कारण दमट हवेत वाळलेला थेंब पुन्हा पाणी ओढतो. आणखी एक बारीक गोष्ट सहज विसरली जाते. त्या हाताने नुकतीच औषधाची गोळी मोडली असेल तर बोटाला लागलेली भुकटी थेंबात उतरते आणि आकडा भलताच येतो. बोट टोचण्याआधी हात धुवायचे ते यासाठीही.

ही युक्ती हृदयरोग्यांसाठी मुळात निघाली नव्हती. अमेरिकेत बफेलोला रॉबर्ट गथ्री नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या मुलाला बौद्धिक अपंगत्व होतं आणि भाचीला फिनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार होता. यात फिनिलॲलॅनिन हे अमिनो आम्ल रक्तात साचून मेंदूला इजा करतं. आजार पहिल्या काही दिवसांत कळला आणि आहार बदलला तर मूल धडधाकट वाढतं, उशीर झाला तर झालेलं नुकसान भरून येत नाही. गथ्रींनी बाळाच्या टाचेतून घेतलेला थेंब टीपकागदावर वाळवून त्यात फिनिलॲलॅनिन मोजायची स्वस्त पद्धत काढली आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. लाखो बाळांचं रक्त नळ्यांमध्ये भरून गावोगावहून गोळा करणं अशक्य होतं. कागद मात्र टपालाने येऊ शकत होता. मला या माणसाविषयी मनापासून आदर वाटतो. घरातल्या दोन मुलांचं दुःख सोसत असताना त्यांनी जगभरच्या बाळांसाठी वाट काढली.

आपल्याकडेही हा कागद नवा नाही. गोव्याने २००८ मध्ये नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली. एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाला लागण झाली आहे का हे बघायला सहा आठवड्यांचं झाल्यावर त्याच्या टाचेचा थेंब याच कागदावर घेतात, आणि असे नमुने पुण्याच्या एड्स संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळांमध्ये जातात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात रक्तातली औषधाची पातळी मोजून मात्रा ठरवण्याचं काम अनेक दशकं चालू आहे, मुख्यतः फेफऱ्याच्या औषधांसाठी. म्हणजे कागद आपल्या ओळखीचा आहे आणि औषध मोजणंही. हृदयाच्या औषधांसाठी या दोन्हींची गाठ घालणं हे त्यातलं नवं पाऊल.

आता हे मोजणं किती नाजूक आहे ते बघा. प्रयोगशाळेत वाळलेल्या डागातून ३ मिलिमीटर व्यासाची एक टिकली कापतात. त्या टिकलीत रक्त असतं जेमतेम ३ मायक्रोलिटर. डिगॉक्सिनची रक्तातली पातळी दर मिलिलिटरला एका नॅनोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. एक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे किती? उन्हाळ्यात गावात येतो तसा दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे शंभर टँकर ओळीने उभे करा आणि त्या सगळ्या पाण्यात मिळून एक ग्रॅम साखर विरघळवा. एवढी ती गोडी. एका टिकलीत मग डिगॉक्सिन किती आलं? एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले दोन-तीन भाग. ॲटेनोलॉलचं रक्तातलं प्रमाण याच्या शेकडो पट असतं, म्हणून या पद्धतीची पहिली परीक्षा त्याच्यावर झाली यात नवल नाही.

एवढंसं औषध सापडतं ते वस्तुमान वर्णपटमापक या यंत्राने. टिकली द्रावणात भिजवून औषध बाहेर काढतात. त्या द्रावणात आधीच त्याच औषधाचा थोडा जड केलेला जुळा भाऊ मोजून घातलेला असतो, म्हणजे पुढे काही हरवलं तर दोघांचंही सारख्याच प्रमाणात हरवतं आणि हिशेब चुकत नाही. हे मिश्रण एका बारीक नळीतून पुढे जाताना निरनिराळे पदार्थ निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात. मग त्यांना विद्युतभार देऊन यंत्र त्यांचं वजन पाहतं. भारित ॲटेनोलॉलचं वजन २६७. तेवढ्याच वजनाचा दुसरा एखादा पदार्थ असू शकतो, म्हणून यंत्र या रेणूवर वायूचा मारा करून त्याचे तुकडे करतं आणि १४५ वजनाचा ठरलेला तुकडा मिळतो का ते बघतं. वेळ, वजन आणि तुकडा या तिन्ही खुणा पटल्या की मगच औषधाचं नाव लिहायचं. एकाच थेंबात अशी अनेक औषधं एका बैठकीत ओळखता येतात. यंत्राची किंमत कोटींच्या घरात असते, त्यामुळे ते प्रत्येक तालुक्यात असणार नाही. पण कागद टपालाने जात असल्यामुळे ते तालुक्यात असायची गरजही नाही.

मात्र औषध आहे हे ओळखणं एक आणि नेमकं किती आहे ते सांगणं दुसरं. खरी अडचण दुसऱ्या कामात येते, आणि तुमच्या बाबांच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. पातळ वरण ताटात वाढलं की पार कडेपर्यंत जातं, घट्ट पिठलं वाढलं तिथेच राहतं. रक्ताचंही तसंच. रक्तात तांबड्या पेशी किती टक्के जागा व्यापतात याला हिमॅटोक्रिट म्हणतात. पेशी कमी असलेलं पातळ रक्त कागदावर लांबवर पसरतं. मग ३ मिलिमीटरच्या टिकलीत रक्तच कमी येतं आणि औषध असतं त्यापेक्षा कमी दिसतं. घट्ट रक्ताचं याच्या उलट. आपल्या देशात हा मुद्दा पुस्तकापुरता राहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. युरोपातल्या रुग्णांवर बसवलेला हिशेब आपल्या बायकांच्या रक्ताला जसाच्या तसा लावला तर चूक व्हायचीच. यावर उपाय निघाले आहेत. मोजून घेतलेला थेंब कागदावर सोडायचा आणि टिकली न कापता अख्खा डाग वापरायचा, किंवा कागदाऐवजी १० किंवा २० मायक्रोलिटरच रक्त शोषणारं छोटं टोक असलेली काडी वापरायची, म्हणजे रक्त कसंही असलं तरी माप तेच राहतं. मला ही काडी फार आवडते. आजीच्या हातात मोजमापाचं कार्ड देण्यापेक्षा काडी देणं कितीतरी सोपं.

दुसरी अडचण संदर्भाची. डॉक्टरांच्या पुस्तकातले औषधांचे आकडे बहुतेक रक्तातल्या वरच्या पिवळसर पाण्यावर, म्हणजे प्लाझ्मावर किंवा सीरमवर बसवलेले असतात. कागदावर मात्र पेशींसकट सगळं रक्त असतं. वॉरफरिनसारखं औषध ९९ टक्के प्लाझ्मातल्या प्रथिनांना चिकटून राहतं, तर दुसरं एखादं पेशींमध्येही शिरतं. म्हणून कागदावरचा आकडा पुस्तकातल्या आकड्याशेजारी तसाच ठेवता येत नाही. प्रत्येक औषधासाठी नळी आणि कागद दोन्ही तपासून हिशेब बसवावा लागतो.

मग लेस्टरमध्ये याचा एवढा उपयोग कशाला? कारण तिथे प्रश्नच वेगळा विचारला जात होता. रक्तदाब तीन-तीन गोळ्या देऊनही उतरत नाही तेव्हा डॉक्टरांसमोर दोन शक्यता असतात. एक, गोळ्या पुरत नाहीत. दोन, गोळ्या पोटात जातच नाहीत. लेस्टरमध्ये २०८ रुग्णांच्या लघवीत औषधं शोधली तेव्हा चारातल्या एकाच्या लघवीत लिहून दिलेली काही किंवा सगळीच औषधं नव्हती. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा रुग्णाला चौथी गोळी लिहून देणं म्हणजे बंद दारावर आणखी जोरात धडका देणं. गोळी पोचली की नाही एवढंच जाणून घ्यायचं असेल तर वाळलेला थेंब उत्तम साक्ष देतो, आणि तिथे हिमॅटोक्रिटचा थोडा फरकही चालून जातो.

माझ्या मावशीचं असंच झालं होतं. वरचा रक्तदाब १७०च्या खाली येईना. ॲम्लोडिपिन ५चं १० झालं, मग त्यात दुसरी गोळी, मग तिसरी. एकदा तिच्याकडे राहायला गेले तर औषधांच्या डब्यात ॲम्लोडिपिनची पाकिटं तशीच, एकही गोळी न काढलेली. मी विचारलं, “मावशी, ही घेत नाहीस?” ती म्हणाली, “अगं, पाय बघ. ती घेतली की घोटे भोपळ्यासारखे सुजतात. चप्पल चढत नाही.” मी म्हटलं, “मग डॉक्टरांना सांगायचं ना.” तर म्हणाली, “त्यांच्याकडे केवढी गर्दी. त्यात एवढ्याशा सुजेचं काय सांगायचं?” ॲम्लोडिपिनने घोटे सुजणं हा अगदी ठाऊक असलेला त्रास आहे आणि औषध बदलून तो जातो. तिचा रक्तदाब वाढलेलाच राहिला तो या संकोचापायी. तेव्हा एक थेंब कागदावर घेतला असता तर त्यात ॲम्लोडिपिन नाही हे कळलं असतं. पण का नाही, हे तिलाच विचारावं लागलं असतं, आणि तेही रागावून नव्हे. रुग्णाला पकडण्यासाठी हा थेंब वापरायला लागले तर लोक तपासणीच्या आदल्या दिवशी गोळी घेऊन येतील, आणि थेंब खरं बोलूनही कुणाला काही कळणार नाही. या तपासणीबद्दल मला एवढंच कळकळीने म्हणायचं आहे.

आदल्या दिवशीच्या गोळीने यंत्र फसतं का, हे औषधावर अवलंबून असतं. ॲटेनोलॉल रक्तात सहा-सात तासांत निम्मं होतं, म्हणून ते सापडलं तर काल-आजची गोळी घेतली एवढंच म्हणता येतं. ॲम्लोडिपिन निम्मं व्हायला ३० ते ५० तास घेतं, त्याच्या खुणा आठवडाभर रेंगाळतात. अमिओडॅरोन तर चरबीत जाऊन बसतं आणि आठवडेच्या आठवडे निघत नाही. एकाच थेंबात अशी तीन औषधं वेगवेगळ्या काळाची गोष्ट सांगत असतात आणि ती वाचायला जाणकार लागतो. शिवाय सगळ्या गोळ्यांसाठी रक्तातलं औषध मोजायची गरज नसते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमसाठी रक्त गोठण्याची आयएनआर चाचणी हीच खरी कसोटी, रक्तदाबाच्या गोळीसाठी रक्तदाब आणि स्टॅटिनसाठी कोलेस्टेरॉल.

डिगॉक्सिन यात अपवाद आहे, आणि म्हणूनच तुमच्या बाबांना ही यातायात करावी लागते. डिगॉक्सिन ज्यापासून मिळतं त्या डिजिटॅलिस या फुलझाडाच्या पानांचा औषधी गुण विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये लिहून ठेवला, तेव्हापासून डॉक्टरांना हे औषध जितकं प्रिय तितकंच धास्तीचं. गुण देणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फारच थोडं. हल्ली हृदय कमजोर असलेल्या रुग्णांमध्ये पातळी ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवण्याकडे कल असतो. तुमच्या बाबांचा योग्य आकडा त्यांचे डॉक्टर ठरवतील. भूक जाणं, मळमळ, नाडी फार मंद होणं, सगळं पिवळट दिसणं अशी काही लक्षणं दिसली तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.

डिगॉक्सिनसाठी घरून थेंब पाठवावा का? माझं उत्तर : नाही. शंभर टँकरांतल्या साखरेचा हिशेब वर सांगितलाच. इतक्या कमी पातळीत थोडा फरकही मोठा ठरतो. पण त्याहून मोठं कारण पोटॅशियमचं आहे. रक्तातलं पोटॅशियम कमी झालं की तेवढ्याच डिगॉक्सिनची बाधा होऊ शकते. बाबा लघवीची गोळी घेत असतील तर पोटॅशियम घसरण्याची शक्यता जास्त. आणि वाळलेल्या थेंबात पोटॅशियम मोजता येत नाही, कारण तांबड्या पेशींच्या आत ते बाहेरच्यापेक्षा वीस पटींहून अधिक असतं आणि वाळताना त्या पेशी फुटून ते सगळं मिसळून जातं. डिगॉक्सिन, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन या तिन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या असतात. त्यासाठी शिरेतलंच रक्त हवं.

पण रक्त जायला हवं, बाबांनी जायलाच हवं असं नाही. देवरुखात रक्त घेऊन नमुना पुढे पाठवणारी लॅब आहे का ते विचारा. त्यांना एवढंच स्पष्ट सांगा की नळी तासाभरात यंत्रात फिरवून वरचं सीरम वेगळं काढा आणि मगच पाठवा. नाहीतर वाटेत पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि आकडा खोटा वाढतो. शीर सापडत नाही त्यावर घरचा उपाय : डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर सकाळी दोन पेले पाणी प्यायला द्या, हात दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा किंवा शाल गुंडाळून खाली सोडा, शीर वर येते.

आणि वार बघा. शनिवार-रविवार सुट्टी असली की शुक्रवारी सकाळच्या गोळीनंतर सोमवारी सकाळपर्यंत ७२ तास होतात. डिगॉक्सिन ३६ ते ४८ तासांत निम्मं होतं, म्हणजे मूत्रपिंड चांगलं चालत असेल तर सोमवारी सकाळी पातळी शुक्रवारच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आलेली असते. सोमवारचा अहवाल बघून कुणी मात्रा वाढवली तर गुरुवार-शुक्रवारी ती अंगावर यायची. रक्त कुठल्या वारी द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. मी स्वतः गुरुवार किंवा शुक्रवार सुचवेन. शेवटची गोळी किती वाजता घेतली ते चिठ्ठीवर लिहून लॅबला द्या. गोळी घेतल्यापासून निदान सहा तास व्हायला हवेत, कारण तोवर औषध रक्तातून हृदयाच्या स्नायूत उतरत असतं आणि रक्तातला आकडा फसवा असतो. सगळ्यात सोपं म्हणजे त्या सकाळची गोळी बाबांच्या खिशात ठेवा, आणि दंडावरची पट्टी सुटली की लॅबच्या बाकावर बसूनच त्यांना ती घ्यायला सांगा.